उपनगरांतील शाळागृहे आणि भांडवली अनुदान

शाळा म्हटली की शिक्षक, विद्यार्थी आणि पाठ्यपुस्तक ही त्रयी सहज डोळ्यांपुढे उभी राहते. या त्रयीला ऊन-पावसापासून आसरा देणारे शाळागृह मात्र बहुधा गृहीतच धरले जाते. वर्गखोल्या अपुऱ्या पडू लागल्या, प्रयोगशाळेतच वर्ग भरू लागला किंवा मुलींच्या स्वच्छतागृहापुढे मधल्या सुट्टीत रांग लागू लागली, म्हणजे मग शाळागृहाचा प्रश्न संस्थाचालक, पालक आणि शासन या तिघांच्याही समोर येतो. शिक्षकाच्या वेतनाचा भार कोणी वाहावयाचा, हे महाराष्ट्रात बऱ्याच अंशी ठरून गेले आहे. शाळेच्या भिंतींचा भार कोणी वाहावयाचा, हे तितके ठरलेले नाही. मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाची धार विशेष जाणवते. म्हणून भांडवली अनुदान म्हणजे काय, ते कोणत्या अटींवर मिळते आणि त्यातून निर्माण होणारी वास्तू अखेर कोणाची, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

आवर्ती आणि अनावर्ती

शासन खाजगी शाळांना जे साहाय्य देते त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. दरमहा किंवा दरवर्षी करावयाच्या खर्चासाठी दिले जाते ते आवर्ती अनुदान होय. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे वेतन हा त्याचा सर्वांत मोठा भाग. त्याखेरीज वीज, पाणी, खडू, किरकोळ दुरुस्ती अशा बाबींसाठी वेतनेतर अनुदान असते. काही वर्षे थांबलेले हे वेतनेतर अनुदान २०१३-१४ पासून ५ टक्के दराने पुन्हा सुरू करण्यात आले.

दुसरा प्रकार अनावर्ती अथवा भांडवली अनुदानाचा. नवी वर्गखोली, प्रयोगशाळा, ग्रंथालय, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, संगणक कक्ष अशा टिकाऊ स्वरूपाच्या सोयींसाठी ते एकदाच दिले जाते. आवर्ती अनुदान ज्या वर्षी मिळते त्याच वर्षी खर्ची पडते. भांडवली अनुदानातून उभी राहणारी वास्तू मात्र पुढील तीस-चाळीस वर्षे उभी राहते. या एका फरकामुळे दोन्ही अनुदानांचे नियम, अटी आणि धोके वेगवेगळे आहेत.

अनुदानित शाळेत शासन शिक्षकाचे वेतन देते, परंतु तो शिक्षक ज्या खोलीत शिकवितो ती खोली बांधण्याची जबाबदारी प्रायः संस्थेची असते. विनाअनुदानित शाळांच्या बाबतीत वेतन आणि वास्तू हे दोन्ही भार संस्थेवरच असतात. २०१२ च्या महाराष्ट्र स्वयं-अर्थसहाय्यित शाळा अधिनियमाखाली परवानगी घेतलेल्या शाळांनी तर शासकीय साहाय्य न घेण्याचेच मुळात मान्य केलेले असते. अशा रीतीने ‘खाजगी शाळा’ या एकाच नावाखाली अतिशय भिन्न आर्थिक स्थितीच्या शाळा येतात, हे ध्यानी ठेवूनच या विषयाकडे पाहिले पाहिजे.

या कल्पनेचा उगम

शाळेच्या इमारतीसाठी सरकारी पैसा ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८३३ साली पार्लमेंटने शिक्षणासाठी पहिल्यांदा जी रक्कम मंजूर केली ती २०,००० पौंडांची होती आणि ती शाळागृहे बांधण्यासाठीच होती. निम्मा खर्च स्थानिक वर्गणीतून उभा राहिला पाहिजे, हिशेब तपासणीस खुले असले पाहिजेत आणि मोठ्या शहरांतील अर्जांना अग्रक्रम मिळावा, अशा अटी तिला जोडल्या होत्या. गिरण्यांच्या शहरांतून झपाट्याने वाढणारी वस्ती आणि अपुऱ्या शाळा ही त्यामागील पार्श्वभूमी होती.

भारतात १८५४ च्या वुडच्या खलित्याने सहायक अनुदानाची पद्धत सुचविली. शिक्षकांच्या वेतनात भर, शिष्यवृत्त्या, पुस्तके आणि शाळागृहाची बांधणी व दुरुस्ती अशा नेमक्या कारणांसाठी अनुदान द्यावे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे शाळागृह हा अनुदानाचा विषय आरंभापासूनच मानला गेला होता. पुढे शिक्षणाचा प्रसार झाला, शिक्षकांची संख्या वाढली आणि अनुदानाचा बहुतेक वाटा वेतनाकडे गेला. ते स्वाभाविकही होते, कारण वेतन थकले तर शाळा बंद पडते. खोली अपुरी असली तर शाळा दाटीवाटीने का होईना, भरत राहते. याच कारणाने शाळागृहाचा प्रश्न वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो.

वाढत गेलेली उपनगरे

उपनगरांतील जुन्या शाळा लोकांच्या आस्थेतून जन्मल्या. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये विलेपार्ले येथे पार्ले टिळक विद्यालयाची स्थापना झाली. तेव्हाचे पार्ले मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचे एक लहानसे गाव होते. १९५० मध्ये बृहन्मुंबईची निर्मिती झाली आणि १९५७ मध्ये हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत नेण्यात आली. त्यानंतर पंतनगर, कन्नमवारनगर यांसारख्या वसाहती वसल्या. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ पासून राबविलेल्या प्रकल्पात चारकोप आणि गोराई येथे भूखंड व सेवा योजना आकारास आली. वसाहत झाली की शाळा हवी, म्हणून ठिकठिकाणी शिक्षणसंस्था पुढे आल्या.

१ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात मोडतात. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ८६,४०,४१९ होती. ती २०११ मध्ये ९३,५६,९६२ झाली. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आली. दक्षिणेकडील शहरात माणसे कमी होत असताना उत्तरेकडे ती वाढत होती, असा या आकड्यांचा अर्थ आहे. जुन्या शहरातील प्रशस्त दगडी शाळागृहे उचलून उपनगरांत नेता येत नाहीत. नव्या वस्तीला नवी खोलीच बांधावी लागते.

विस्तार म्हणजे केवळ खोल्यांची संख्या वाढविणे, असेही मात्र समजू नये. काही भागांत मराठी माध्यमाच्या वर्गांतील पटसंख्या घटत आहे आणि पालकांचा ओढा अन्य माध्यमांकडे आहे. अशा शाळेला आणखी चार खोल्यांपेक्षा चांगली प्रयोगशाळा, ग्रंथालय, अपंग विद्यार्थ्यांसाठी उतरंड आणि स्वच्छ पाणी यांची गरज अधिक असू शकते. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेची गरज याहून वेगळी असते. गरजेचा प्रकार ओळखल्याखेरीज दिलेले अनुदान भिंती उभ्या करील, परंतु शाळा सुधारीलच असे नाही.

कायद्याने वाढविलेली अपेक्षा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत शाळागृहाचे किमान निकष दिले आहेत. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकांच्या कार्यालयासाठी खोली, अडथळारहित प्रवेश, मुलगे व मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, क्रीडांगण आणि कुंपणभिंत ही त्यांतील प्रमुख कलमे होत. जी शाळा हे निकष पूर्ण करीत नव्हती तिला ३ वर्षांची मुदत मिळाली. ही पूर्तता संस्थेने स्वखर्चाने करावी, असे कलम १९ मध्ये स्पष्ट नमूद आहे. अल्पसंख्याक संस्थांना हा अधिनियम लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. तरीही सुरक्षितता आणि स्वच्छता यांचे बंधन त्यांच्यावरून उठलेले नाही.

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालके मृत्युमुखी पडली. एकाच दाट इमारतीत एकाहून अधिक शाळा भरत होत्या. या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर २००९ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या इमारतींना राष्ट्रीय बांधकाम संहितेतील अग्निसुरक्षेचे निकष लागू केले. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने पाणी आणि स्वच्छतागृहे यांची सोय सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. ते सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही शाळांसाठी होते.

या सर्व अपेक्षा रास्तच आहेत. आठवी-नववीतील मुलगी स्वच्छतागृहाअभावी महिन्यातून चार दिवस घरी राहत असेल, तर वेतनावर केलेला खर्चही तिच्यापुरता तेवढा वाया जातो. परंतु अपेक्षा वाढल्या त्या प्रमाणात संस्थांची आर्थिक साधने वाढली नाहीत. १९८७ च्या अधिनियमाने देणगीशुल्कास प्रतिबंध केला आहे. शुल्कवाढ २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाच्या चौकटीत करावी लागते. न्यासाने इमारतीसाठी कर्ज काढावयाचे ठरविले तर सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ही बंधने पालकांच्या आणि न्यासाच्या हिताचीच आहेत. मात्र त्यामुळे मध्यम आणि अल्प उत्पन्न गटातील मुलांच्या शाळेपुढे लोकवर्गणी आणि शासकीय साहाय्य हे दोनच मार्ग मुख्यतः उरतात.

उपलब्ध असलेले साहाय्य

राज्यातील धार्मिक अल्पसंख्याक विद्यार्थी बहुसंख्येने असलेल्या शासनमान्य खाजगी शाळांना पायाभूत सुविधांसाठी अनुदान देण्याची योजना अल्पसंख्याक विकास विभागामार्फत राबविली जाते. मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, शीख, पारशी आणि जैन या समाजांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण किमान ७० टक्के असलेली शाळा तीस पात्र ठरते. अपंगांच्या शाळेसाठी हे प्रमाण ५० टक्के आहे. इमारतीचे नूतनीकरण व डागडुजी, पेयजल, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक कक्ष, स्वच्छतागृह, फर्निचर, पंखे, इन्व्हर्टर आणि अध्ययनाची साधने या बाबी तीत येतात. अनुदानाची कमाल मर्यादा दीर्घकाळ प्रत्येक शाळेस २ लाख रुपये होती. पुढे ती १० लाख रुपये करण्यात आली. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयाकडे सादर करावयाचा असतो.

या योजनेचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. संस्थाचालक कोणत्या समाजाचे, हे ती पाहत नाही. वर्गात बसणारी मुले कोणती, हे पाहते. अंधेरी, कुर्ला, घाटकोपर येथील संमिश्र वस्तीत या फरकाला महत्त्व आहे.

केंद्र शासनाने २००८-०९ च्या सुमारास अल्पसंख्याक संस्थांच्या पायाभूत विकासाची स्वतंत्र योजना सुरू केली होती. तिचा निकष संस्थेवर आधारलेला होता. किमान ३ वर्षे चालू असलेल्या अनुदानित वा विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळेस जादा वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय, स्वच्छतागृहे आणि विशेषतः मुलींची वसतिगृहे यांच्या खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, परंतु जास्तीत जास्त ५० लाख रुपये, अनुदान मिळू शकत असे. २०२१-२२ नंतर ही योजना चालू राहिली नाही. तरीही हिस्सेवारी व कमाल मर्यादा यांचा अभ्यास करण्यासाठी ती चांगले उदाहरण आहे.

अन्य खाजगी शाळांसाठी असा थेट मार्ग मर्यादित आहे. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाचे काही लाभ २०१३ मध्ये अनुदानित शाळांना देण्यात आले, परंतु बांधकाम आणि वेतन या बाबी त्यांतून वगळण्यात आल्या. १९९३ मध्ये सुरू झालेल्या खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेतून नोंदणीकृत संस्थांच्या लोकोपयोगी कामांना मार्गदर्शक तत्त्वांच्या अधीन राहून निधी मिळू शकतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करावयाचा असतो आणि शिक्षण हा त्याचा मान्य विषय आहे. हा पैसा शासनाचा नव्हे. तथापि तो मिळविण्यासाठी लागणारी कागदपत्रे जवळपास तीच असतात.

हिस्सेवारीचे गणित

भांडवली अनुदानाची कोणतीही योजना वाचताना टक्केवारी आणि कमाल मर्यादा ही दोन्ही एकत्र पाहावी लागतात. उपरोक्त केंद्रीय योजनेचे सूत्र घेऊन हे गणित करून पाहता येईल. समजा, एखाद्या शाळेच्या विस्ताराचा खर्च ६० लाख रुपये आहे. ७५ टक्क्यांप्रमाणे अनुदान ४५ लाख आणि संस्थेचा हिस्सा १५ लाख. आता खर्च १ कोटी रुपये आहे असे समजा. ७५ टक्के म्हणजे ७५ लाख झाले, पण मर्यादा ५० लाखांची. म्हणून संस्थेचा हिस्साही ५० लाख. खर्च २ कोटींवर गेला तर संस्थेला दीड कोटी उभे करावे लागतील आणि अनुदान अवघे २५ टक्के उरेल.

सुमारे ६६ लाख ६७ हजार रुपयांपर्यंतच ७५ टक्के हे प्रमाण खरे ठरते. त्यापुढे ते घसरत जाते. मर्यादा सर्व देशासाठी एकच असली आणि बांधकाम मुंबईत करावयाचे असले, तर येथील संस्थेच्या पदरी पडणारे प्रत्यक्ष प्रमाण ग्रामीण तालुक्यातील संस्थेपेक्षा कमी असते. यात कोणाची अवकृपा नाही. नियमाच्या रचनेतूनच तसे घडते. नव्या योजनांची आखणी करताना स्थानिक बांधकाम दरसूचीशी मर्यादेची सांगड घालता येईल काय, हा म्हणूनच विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

पैशाआधी जागा

उपनगरांत पैसा मिळाला तरी काम तेवढ्याने होत नाही. शाळा ज्या जागेवर उभी आहे त्या जागेवर संस्थेचा हक्क कोणता, हे आधी पाहावे लागते. काही शाळा न्यासाच्या स्वतःच्या भूखंडावर आहेत. काही जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या शासकीय जमिनीवर, काही म्हाडाच्या भूखंडावर, काही महापालिकेच्या वास्तूत, तर काही भाड्याच्या खोल्यांत आहेत. झोपडवस्तीत पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या शाळाही आहेत. स्वतःची जागा असलेल्या संस्थेला मजला चढविता येतो. भाडेपट्ट्यावरील संस्थेला जमीन देणाऱ्या प्राधिकरणाची संमती लागते. ज्या जागेवर संस्थेचा कायदेशीर हक्कच नाही, तेथे पक्के बांधकाम करण्यासाठी सार्वजनिक पैसा देणे शासनाला अवघड असते.

येथे एक विसंगती दिसून येते. ज्या शाळेची गरज सर्वांत मोठी, तिचीच कागदोपत्री पात्रता बहुधा सर्वांत कमी असते. भक्कम न्यास, स्वच्छ मालकीपत्र, मंजूर नकाशा आणि वास्तुविशारदाचे अंदाजपत्रक ज्यांच्यापाशी आहे, त्यांचा प्रस्ताव लवकर पूर्ण होतो. झोपडवस्तीतील शाळेजवळ यांपैकी एकही कागद नसतो. अशा शाळेसाठी निदान हलविता येण्याजोग्या वस्तू, म्हणजे संगणक, पंखे, पाणी शुद्ध करणारी यंत्रणा, बाके व पुस्तके, यांचे साहाय्य हा व्यवहार्य मार्ग ठरतो. पुनर्वसन योजनेत वस्ती स्थलांतरित झाली तरी या वस्तू मुलांबरोबर जाऊ शकतात.

जागेचा दुसरा पैलू चटईक्षेत्राचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार उपनगरांत मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १ होता. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर सर्व मजले मिळून तेवढेच बांधकाम अनुज्ञेय होते. शैक्षणिक इमारतींना वाढीव निर्देशांकाची सवलत त्या नियमावलीत होती आणि २०१८ मध्ये अमलात आलेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्येही तशी तरतूद आहे. परवानगी असली तरी एक पथ्य पाळावे लागते. नवी खोली मैदानात बांधली तर एक निकष पूर्ण होताना दुसरा मोडतो. म्हणून उपनगरातील विस्तार बहुतेक वेळा वरच्या दिशेने होतो आणि तसा तो होताना जिन्यांची रुंदी, बाहेर पडण्याचे मार्ग आणि अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च अंदाजपत्रकात धरावाच लागतो.

अन्य देशांचा अनुभव

ऑस्ट्रेलियातील गोलबर्न या गावी १९६२ मध्ये एका कॅथॉलिक प्राथमिक शाळेला तीन जादा शौचालये बांधण्यास सांगण्यात आले. त्या काळी तेथे खाजगी शाळांना शासकीय साहाय्य जवळजवळ नव्हतेच. निषेध म्हणून गावातील कॅथॉलिक शाळा बंद ठेवण्यात आल्या आणि पालकांनी मुलांची नावे सरकारी शाळांत घालण्यासाठी अर्ज केले. सर्वांना सामावून घेण्याइतकी जागा सरकारी शाळांत नव्हती. खाजगी शाळा शासनाचा केवढा भार उचलत होत्या, हे त्या आठवड्यात साऱ्या देशाला दिसले. पुढे १९६४ मध्ये तेथील केंद्र सरकारने सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही प्रकारच्या शाळांच्या विज्ञान प्रयोगशाळांसाठी दरसाल ५० लाख पौंड देण्यास प्रारंभ केला.

इंग्लंडमधील धर्मसंस्थांशी संलग्न साहाय्यित शाळांचे उदाहरणही उद्बोधक आहे. १९४४ च्या शिक्षण अधिनियमानुसार इमारत खर्चात शाळेच्या नियामक मंडळाचा वाटा निम्मा होता. तो टप्प्याटप्प्याने कमी होत २००२ मध्ये १० टक्क्यांवर आला. वाटा कमी झाला तरी तो पूर्णपणे रद्द करण्यात आला नाही. संस्थेचे थोडे तरी धन वास्तूत गुंतलेले असावे, म्हणजे तिची निगा राखली जाते, हा त्यामागील विचार आपल्या लोकवर्गणीच्या परंपरेशी मिळताजुळता आहे.

वास्तू अखेर कोणाची?

आता सर्वांत नाजूक प्रश्न. शासनाने रस्ता बांधला तर तो शासनाची मालमत्ता म्हणून नोंदला जातो. खाजगी संस्थेला खोली बांधण्यासाठी दिलेले अनुदान मात्र शासनाच्या हिशेबात महसुली खर्च म्हणूनच दाखविले जाते, कारण निर्माण होणारी मालमत्ता संस्थेची असते. २०११ मध्ये अधिसूचित झालेल्या शासकीय लेखा मानकातील हाच नियम आहे. शासनाच्या तिजोरीतून पैसा जातो, परंतु वहीत त्याच्या बदल्यात वास्तू येत नाही. तिच्यावरचा समाजाचा हक्क टिकवून ठेवणारा धागा एकच. तो म्हणजे अनुदानासोबतच्या अटी.

या अटी साधारणपणे चार प्रकारच्या असतात. अनुदान मंजूर कारणासाठीच खर्च करावे. खर्चानंतर विहित मुदतीत उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब सादर करावेत. अनुदानातून घेतलेल्या मालमत्तेची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. आणि मंजुरी देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून ती मालमत्ता विकू, गहाण ठेवू किंवा अन्य कामासाठी वापरू नये. याशिवाय सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. मोठ्या रकमेचे अनुदान घेणाऱ्या संस्थांची तपासणी १९७१ च्या अधिनियमाखाली महालेखापरीक्षकही करू शकतात.

उपनगरांत जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. शाळेच्या बैठ्या इमारतीभोवती उंच मनोरे उभे राहत असताना त्या भूखंडाचे व्यापारी मोल डोळ्यांत भरते. अशा वेळी सार्वजनिक पैशातून बांधलेली प्रयोगशाळा वीस वर्षांनीही प्रयोगशाळाच राहील, याची हमी कागदावर असलेली बरी. ही हमी म्हणजे संस्थांविषयीचा अविश्वास नव्हे. संस्थाचालक बदलतात, पिढ्या बदलतात. अट मात्र कायम राहते आणि प्रामाणिक संस्थाचालकाच्या पश्चात त्याच्या कार्याचे रक्षण करते.

अनुदान हा संस्थेचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या एका निर्णयात म्हटले आहे. त्याच वेळी संविधानाच्या अनुच्छेद ३० (२) नुसार, अनुदान देताना एखादी संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्या कारणाने तिच्याशी भेदभाव करता येत नाही. शासनाला निवड करण्याची मुभा आहे, पण ती निवड समान आणि जाहीर निकषांवर व्हावयास हवी.

संस्थांनी करावयाची पूर्वतयारी

योजना जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच काही कागद सिद्ध ठेवणे संस्थेच्या हिताचे असते. न्यासनोंदणी आणि घटनेची प्रत, शाळेच्या मान्यतेचे आदेश, जागेच्या हक्काचा पुरावा, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, इयत्तावार पटसंख्या, इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल, मंजूर नकाशा आणि तज्ज्ञाने तयार केलेले अंदाजपत्रक हे त्यांतील महत्त्वाचे होत. संस्था आपला हिस्सा कोठून उभा करणार, हेही ठरावासह नमूद केलेले असावे.

कागदपत्रांइतकाच गरजेचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सुरक्षितता, मग स्वच्छता व पाणी, त्यानंतर वर्गखोल्या, प्रयोगशाळा व ग्रंथालय आणि शेवटी शोभा, असा क्रम बहुतेक शाळांना लागू पडेल. प्रवेशद्वाराची कमान दर्शनी दिसते, म्हणून ती आधी उभारण्याचा मोह होतो. गळके छप्पर आणि अरुंद जिना पाहुण्यांच्या नजरेस पडत नाहीत, पण मुले रोज त्यांखालून आणि त्यांवरून जात असतात. देखभालीची तरतूद हाही प्रस्तावाचा भाग मानला पाहिजे. नवे स्वच्छतागृह बांधण्यास एकदाच पैसा लागतो, ते स्वच्छ ठेवण्यास मात्र रोज लागतो.

शासन, संस्था आणि समाज या तिघांनी मिळून उपनगरांतील शाळा उभ्या केल्या आहेत. शासनाने वेतनाचा भार घेतला, समाजाने वर्गणी दिली, संस्थांनी व्यवस्था पाहिली. शाळागृहाच्या विस्तारासाठीही ही भागीदारी हवी आणि तिच्यातील प्रत्येकाचा वाटा लेखी ठरलेला हवा. संस्थेने आपला हिस्सा घालावा, शासनाने शहराच्या बांधकाम खर्चाचा आणि कागदपत्रांअभावी मागे पडणाऱ्या शाळांचा विचार करावा, पालकांनी हिशेब पाहण्याची सवय ठेवावी. असे झाले तर आज बोरिवलीत वा मुलुंडला बांधलेल्या वर्गखोलीत आजच्या विद्यार्थिनीची मुलगीही निर्वेधपणे शिकू शकेल.